अँग्लिकन चर्चसंगीत

चर्च ऑफ इंग्लंड आणि त्याच्याशी संलग्न असलेली जगभरची चर्चे यांच्या उपासनाविधीत गायकवृंदाने गावयाचे व ऑर्गनवर वाजवावयाचे संगीत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीतून ते आकारास आले. लॅटिन भाषेतील जुनी कॅथलिक उपासना इंग्रजीत आल्यावर त्या भाषेसाठी नवे गायन निर्माण करावे लागले, आणि पुढील सुमारे पावणेपाचशे वर्षांत त्याची एक स्वतंत्र परंपरा सिद्ध झाली. ह्या परंपरेच्या इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे येतात. पहिला, उपासनेत शब्दाला प्राधान्य द्यावयाचे की नादाला. आणि दुसरा, गावयाचे कोणी, शिक्षित गायकवृंदाने की उपासनेस जमलेल्या सर्व मंडळीने. ह्या प्रश्नांना निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांवर ह्या संगीताचे रूपच नव्हे, तर अस्तित्वही अवलंबून राहिले.

उपासनेचा आराखडा : ह्या संगीताचे मुख्य क्षेत्र म्हणजे ‘ईव्हनसाँग’ ही सायंकालीन उपासना होय. मध्ययुगीन मठांतून दिवसातील ठराविक प्रहरी होणाऱ्या उपासनांपैकी सायंकाळची व रात्रीची अशा दोन उपासना एकत्र करून तिची रचना करण्यात आली. साहजिकच लूककृत शुभवर्तमानातील दोन गीते तीत एकत्र आली : मरीयेचे स्तोत्र आणि वृद्ध शिमोनाचे निरोपाचे गीत. ह्या दोन गीतांना दिलेल्या संगीतास ‘ईव्हनिंग सर्व्हिस’ म्हणतात व रचनेच्या मुख्य स्वरावरून किंवा ती ज्या चर्चसाठी केली त्याच्या नावावरून ती ओळखली जाते.

उपासनेत पुरोहित व गायकवृंद यांच्यामध्ये आळीपाळीने म्हटली जाणारी लघुवाक्ये, स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे, बायबलमधील दोन पाठ, वरील दोन गीते, प्रार्थना व शेवटी ‘अँथेम’ असा क्रम असतो. अँथेम म्हणजे बहुधा बायबलमधील वेच्यावर केलेली स्वतंत्र रचना. संपूर्ण वृंदाने गावयाच्या अँथेमास ‘फुल अँथेम’, तर एकेका गायकाचे गायन व वृंदगान यांचा वाद्यांच्या साथीवर आळीपाळीने उपयोग करणाऱ्या अँथेमास ‘व्हर्स अँथेम’ अशी संज्ञा आहे.

प्रार्थनाग्रंथात १५० स्तोत्रांची विभागणी महिन्याच्या ३० दिवसांच्या सकाळ-सायंकाळसाठी अशी ६० भागांत केलेली आहे. त्यामुळे दर महिन्यास संपूर्ण स्तोत्रसंहितेचे एक आवर्तन पुरे होते. ही स्तोत्रे गद्यप्राय असून त्यांतील ओळी समान लांबीच्या नाहीत. त्यांसाठी ‘अँग्लिकन चँट’ ही पद्धत निघाली. तीत प्रत्येक अर्ध्या चरणाच्या आरंभी एक स्वरपुंज ठरविलेला असतो. चरण कितीही लांब असला, तरी त्यातील बहुतेक शब्द ह्या एकाच स्वरपुंजावर बोलण्याच्या ओघात म्हटले जातात व अखेरची मोजकी अक्षरे निश्चित स्वरांवर उतरविली जातात. साधा चँट सात, तर दुहेरी चँट चौदा मात्राखंडांचा असतो. नियमित छंदाविना चालणारे हे गायन दिसावयास सोपे, परंतु वीस-तीस जणांनी एकाच वेळी एकच अक्षर उच्चारणे ही दीर्घ सरावाची गोष्ट आहे. जाणकार ऐकणारे वृंदाची पारख अवघड अँथेमावरून न करता बहुधा स्तोत्रगायनावरून करतात.

गायकवृंदाची रचना : कॅथीड्रलमधील वृंदात परंपरेने सुमारे ८ ते १३ वर्षे वयाची मुले आणि प्रौढ पुरुष यांचा समावेश असे. सर्वांत उंच स्वरभाग (ट्रेबल) मुले गातात. त्याखालील आल्टो हा भाग प्रौढ पुरुष कृत्रिम उंच आवाजात गातात, तर टेनर व बास हे खालचे दोन भाग पुरुषांच्या नैसर्गिक आवाजांचे असतात. भारतीय संगीतात एका वेळी एकच स्वर प्रधान असून त्याची इतर स्वरांशी असणारी नाती कालक्रमाने उलगडत जातात. ह्याउलट येथे निरनिराळे स्वरभाग एकाच क्षणी उमटून त्यांचा मेळ (हार्मनी) साधला जातो. एका भागाचा स्वर किंचित उतरला, तरी संपूर्ण मेळ बिघडतो.

वृंद वेदीकडे जाणाऱ्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर बसतो. चर्चच्या प्रमुख पुरोहिताकडील बाजू ‘डेकॅनी’ व गायनप्रमुखाकडील बाजू ‘कँटोरिस’ ह्या नावाने ओळखली जाते. स्तोत्राचे चरण दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून गाण्याची प्रथा मठांमधून आलेली आहे. मुलांचे राहणे, शालेय शिक्षण व संगीतशिक्षण यांची सोय कॅथीड्रलशी निगडित असलेल्या शाळांतून होते. आवाज फुटला की मुलाची ट्रेबलमधील सेवा संपते. म्हणजेच वृंदातील मुलांची एक पिढी जेमतेम पाच वर्षांची असते, आणि लहान मुलगा मोठ्या मुलाशेजारी उभा राहून पुष्कळसे ऐकूनच शिकतो. ह्या संगीताचे बळ आणि त्याची नाजुकता ही दोन्ही ह्या साखळीत आहेत. गेल्या काही शतकांत मुलांचा आवाज फुटण्याचे वय खाली आल्याने अनुभवी ट्रेबल गायकांचा काळ आणखी आखूड झाला आहे.

ऑर्गन : मराठी वाचकांस संगीत नाटकांच्या साथीमुळे ‘ऑर्गन’ हा शब्द परिचित आहे, परंतु ते वाद्य पायांनी भाता चालवून पितळी पत्त्यांतून स्वर काढणारे, पेटीच्या जातीचे होय. चर्चमधील मोठा ऑर्गन नळ्यांचा असतो. भात्याने दाबाखाली साठविलेली हवा पट्टी दाबताच संबंधित नळीत शिरते. बहुसंख्य नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात. तुतारीसारखा तेजस्वी ध्वनी देणाऱ्या नळ्यांच्या बुडाशी मात्र कंप पावणारी धातूची पत्ती असते. एकाच जातीच्या नळ्यांचा संपूर्ण संच खटका ओढून चालू किंवा बंद करता येतो. त्यास ‘स्टॉप’ म्हणतात. स्टॉपची उंची फुटांत सांगतात. ज्या संचातील सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी सुमारे ८ फूट लांब असते, तो संच लिहिलेल्या उंचीवरच वाजतो. ४ फुटांचा संच एक सप्तक वर, तर १६ फुटांचा एक सप्तक खाली ऐकू येतो.

हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या दोन ते पाच रांगा आणि पायांनी वाजवावयाच्या पट्ट्यांची एक रांग अशी वादकापुढील मांडणी असते. प्रत्येक रांगेच्या अखत्यारीत नळ्यांचा वेगळा विभाग असून त्यांपैकी ‘स्वेल’ हा विभाग झडपा लावलेल्या लाकडी पेटीत बंदिस्त असतो. झडपा हळूहळू उघडून नाद वाढविण्याची ही युक्ती लंडनमधील सेंट मॅग्नस चर्चच्या ऑर्गनमध्ये १७१२ साली एब्राहम जॉर्डन याने प्रथम योजली. गायकांच्या आवाजातील चढउतारांशी साथ जुळवून घेणे ह्या शोधामुळे शक्य झाले.

साथीतील अडचणी इमारतीशी संबंधित असतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मी. वेगाने जातो, तेव्हा गायकांपासून ३४ मी. अंतरावरील नळीचा स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणून वादकास कानावर विसंबून न राहता गायनप्रमुखाच्या हाताकडे, बहुधा आरशातून अथवा पडद्यावर, पाहून किंचित आधी वाजवावे लागते. तापमान वाढले की बासरीतत्त्वाच्या नळ्यांचा स्वर चढतो, पत्तीच्या नळ्यांचा तितका चढत नाही. त्यामुळे ऋतुमानाप्रमाणे त्यांची जुळणी पुन्हा करावी लागते.

धर्मसुधारणेचा काळ : आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १५३६ ते १५४० ह्या काळात इंग्लंडमधील मठ बरखास्त झाले व त्यांबरोबर अनेक गायकवृंद नाहीसे झाले. पूर्वीच्या लॅटिन रचनांत एकेक अक्षर अनेक स्वरांवर खेळविले जाई आणि निरनिराळे स्वरभाग वेगवेगळे शब्द एकाच वेळी उच्चारीत. ऐकणाऱ्यास अर्थ कळणे दुरापास्त होते. कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याने १५४४ मध्ये इंग्रजी प्रार्थनागीत तयार करताना, शक्यतो एका अक्षरास एकच स्वर असावा, असे मत राजास कळविले. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला आणि पुढच्याच वर्षी जॉन मर्बेक याने त्यास साधे एकसुरी संगीत दिले.

टॉमस टॅलिस (सु. १५०५–८५) याने आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी व पहिली एलिझाबेथ अशा चार राजवटींत सेवा केली. राज्यकर्त्यांच्या धर्ममताप्रमाणे त्याला कधी लॅटिन, तर कधी इंग्रजी रचना कराव्या लागल्या. ‘इफ यी लव्ह मी’ ह्या चार स्वरभागांच्या लहानशा अँथेमात क्रॅन्मरची अपेक्षा पूर्ण होते : शब्द स्पष्ट राहतात आणि तरीही संगीत निरस होत नाही. ४० स्वतंत्र स्वरभागांची ‘स्पेम इन एलियम’ ही लॅटिन रचनाही त्याचीच. त्याचा सहकारी विल्यम बर्ड (सु. १५४०–१६२३) हा कॅथलिक राहिला. एलिझाबेथने १५७५ मध्ये ह्या दोघांना संगीतमुद्रणाचा २१ वर्षांचा मक्ता दिला. बर्डने राजमान्य चर्चसाठी ‘ग्रेट सर्व्हिस’ ही भव्य रचना केली आणि स्वधर्मीयांच्या गुप्त उपासनांसाठी तीन लॅटिन मास रचले. एकाच माणसाच्या हातून परस्परविरोधी पंथांची उत्तम उपासनासंगीते निर्माण व्हावीत, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय. ऑर्लँडो गिबन्झ (१५८३–१६२५) याने व्हर्स अँथेमास प्रौढ रूप दिले.

खंड व पुनरुज्जीवन : प्यूरिटन पंथीयांच्या मते उपासनेत ऑर्गन व व्यावसायिक गायक यांना स्थान नव्हते, स्तोत्रे सर्व मंडळीने, साध्या चालीत व वाद्यांविना म्हणावीत, असा त्यांचा आग्रह होता. ही भूमिका निव्वळ संगीतद्वेषाची नव्हती. भाडोत्री कंठांनी केलेली प्रार्थना खरी कशी, हा तिच्यामागील प्रश्न होता. यादवी युद्धाच्या काळात १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा आदेश दिला, १६४५ मध्ये प्रार्थनाग्रंथावर बंदी आली आणि १६४९ मध्ये कॅथीड्रलांची व्यवस्था पाहणारी पुरोहितमंडळे रद्द होऊन वृंदांचे उत्पन्न संपले. वुस्टर येथील टॉमस टॉम्किन्झ (१५७२–१६५६) हा वृद्ध रचनाकार मुका झालेल्या कॅथीड्रलच्या परिसरात काही वर्षे राहिला व पुनःस्थापना न पाहताच मरण पावला. त्याच्या चर्चरचना मुलाने १६६८ मध्ये प्रसिद्ध केल्या.

राजसत्ता १६६० मध्ये परत आली. मधल्या सोळा वर्षांत मुलांच्या तीन पिढ्यांची साखळी तुटलेली होती. शिकविलेली मुले नसल्यामुळे राजाच्या चॅपेलमध्ये आरंभी ट्रेबलचा भाग कॉर्नेट ह्या फुंकवाद्यावर वाजवावा लागला किंवा पुरुषांनी कृत्रिम आवाजात गावा लागला. उपासना कशी गावयाची, हेही अनेकांच्या विस्मरणात गेले होते. एडवर्ड लो ह्या ऑक्सफर्डच्या ऑर्गनवादकाने १६६१ मध्ये त्यासाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या जॉन बार्नर्डने दिवंगत रचनाकारांच्या निवडक कृतींचा संग्रह युद्धाच्या तोंडावर, १६४१ मध्ये, छापून ठेवला होता, तो आता उपयोगी पडला. कागदावरील स्वर टिकले होते. कंठ मात्र नव्याने घडवावे लागले. हे काम राजाच्या चॅपेलमधील मुलांचा शिक्षक हेन्री कुक याने केले. पेलम हम्फ्री, जॉन ब्लो व हेन्री पर्सेल हे रचनाकार त्याच्या हाताखालील मुलांतूनच पुढे आले.

पर्सेल (१६५९–९५) हा १६७९ पासून वेस्टमिन्स्टर ॲबीचा ऑर्गनवादक होता. दुसऱ्या चार्ल्सच्या फ्रेंच अभिरुचीस अनुसरून त्याने तंतुवाद्यांच्या साथीची अँथेमे रचली. परंतु ‘हिअर माय प्रेअर’ ह्या आठ स्वरभागांच्या रचनेत जुनी शैलीच वापरली. एकाच स्वरावर आरंभलेली विनवणी एकेक स्वरभाग मिळत जाऊन शेवटी सर्व कंठांच्या तीव्र विसंवादापर्यंत पोहोचते व क्षणात निवते. शब्द आणि नाद यांतील विरोध येथे उरत नाही. जॉर्ज फ्रिड्रिख हँडेलने (१६८५–१७५९) दुसऱ्या जॉर्जच्या १७२७ मधील राज्याभिषेकासाठी रचलेले ‘झेडक द प्रीस्ट’ हे अँथेम त्यानंतरच्या प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात, थेट २०२३ मधील तिसऱ्या चार्ल्सच्या समारंभापर्यंत, गायिले गेले आहे.

एकोणिसावे शतक : अठराव्या शतकात विल्यम बॉइसने ‘कॅथीड्रल म्यूझिक’ (३ खंड, १७६०–७३) ह्या संग्रहाने जुन्या कृती जतन केल्या, तथापि वृंदांची स्थिती खालावत गेली. गायकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या जात व मुलांची आबाळ होई. मराया हॅकेट (१७८३–१८७४) ह्या विदुषीने कॅथीड्रलांना भेटी देऊन व पत्रव्यवहार करून मुलांच्या शिक्षणासाठी व निगेसाठी आयुष्यभर झगडा दिला. सॅम्युएल सेबॅस्टिअन वेस्ली (१८१०–७६) याचे ‘ब्लेसेड बी द गॉड अँड फादर’ हे प्रसिद्ध अँथेम हेरफर्ड येथे ईस्टरच्या दिवशी केवळ मुले व एकच बास गायक उपलब्ध असताना गायिले गेले. १८४९ मधील पुस्तिकेत त्याने कॅथीड्रलच्या वृंदात किमान बारा प्रौढ गायक असावेत, अशी मागणी केली. हा आकडा मनचा नव्हता. आल्टो, टेनर व बास ह्या प्रत्येक भागास दोन्ही बाजूंना दोन-दोन गायक लागतात. तेवढे असले, तरच एखादा अनुपस्थित राहूनही गायन निभते.

ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावामुळे गावोगावच्या साध्या चर्चांतूनही कॅथीड्रलप्रमाणे पांढरे झगे घातलेले वृंद वेदीजवळ बसू लागले. १८४१ मध्ये पुन्हा बांधलेले लीड्सचे चर्च ह्याचा आदर्श ठरले. ह्यामुळे पूर्वी सज्जात बसून गाणारे-वाजविणारे ग्रामीण कलावंत मागे पडले. मंडळीच्या गायनासाठी ‘हिम्झ एन्शंट अँड मॉडर्न’ (१८६१) हे गीतपुस्तक सर्वत्र रूढ झाले. इंग्लंडमधील पुष्कळ ऑर्गनांना पायपट्ट्यांची पूर्ण रांग ह्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. योहान झेबास्टिआन बाखच्या ऑर्गनरचना तेथे उशिरा रुजण्याचे हे एक कारण होय. हेन्री विलिस (१८२१–१९०१) ह्या कारागिराच्या ऑर्गनांनी ही उणीव भरून काढली. चार्ल्स व्हिलिअर्स स्टॅनफर्ड (१८५२–१९२४) याने बी फ्लॅटमधील सर्व्हिसपासून (१८७९) ऑर्गनला साथीच्या पलीकडे नेऊन रचनेचा समान भागीदार बनविले.

विसावे शतक व त्यानंतर : पहिल्या महायुद्धानंतर लगेच, १९१८ च्या नाताळात, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नऊ पाठ व नाताळगीते यांची उपासना सुरू झाली, तिचा मूळ आराखडा ट्रूरो येथे १८८० मध्ये झाला होता. बीबीसीने १९२६ मध्ये ईव्हनसाँगचे ध्वनिक्षेपण सुरू केल्यावर हे संगीत चर्चच्या भिंतींबाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचले. सिडनी निकल्सनने १९२७ मध्ये स्थापिलेली व आज रॉयल स्कूल ऑफ चर्च म्यूझिक म्हणून ओळखली जाणारी संस्था लहान चर्चांच्या वृंदांस प्रशिक्षण देते. हर्बर्ट हॉवेल्स (१८९२–१९८३) याने किंग्ज कॉलेज, ग्लॉस्टर, सेंट पॉल्स इ. ठिकाणांसाठी वेगवेगळ्या सर्व्हिस रचल्या. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली नाद दीर्घकाळ घुमत राहत असल्यामुळे तेथील रचनेत त्याने स्वरपुंज संथपणे बदलले. बेंजामिन ब्रिटनचे ‘रिजॉइस इन द लँब’ (१९४३) व लेनर्ड बर्न्स्टाइनची ‘चिचेस्टर साम्स’ (१९६५) ह्या कृती वॉल्टर हसी ह्या कलाप्रेमी पुरोहिताच्या मागणीवरून निर्माण झाल्या.

सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद स्थापन केला. मुलींच्या आवाजाने परंपरेचा नाद बदलेल, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. पुढे बहुतेक कॅथीड्रलांनी हा मार्ग अनुसरला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या वृंदात २०२२ पासून मुली व स्त्रिया गाऊ लागल्या. २०२० मधील महासाथीत चर्चमधील समूहगायन थांबले, तेव्हा साखळी तुटण्याचे भय पुन्हा एकदा प्रत्यक्षात आले. मुलांच्या पाच वर्षांतील एक-दीड वर्ष गेल्यास काय हरपते, ह्याचा अनुभव १६६० नंतर प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर आला.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईतील १७१८ मध्ये उघडलेले सेंट टॉमस चर्च १८३७ मध्ये कॅथीड्रल झाले. त्याच्या गायकवृंदासाठी मुले तयार करण्याच्या हेतूने १८६० मध्ये निघालेल्या शाळेतून आजचे कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल विकसित झाले. गोव्यातील चर्चसंगीत मात्र पोर्तुगीज कॅथलिक परंपरेतील असून त्याचा इतिहास वेगळा आहे. १९७० मध्ये येथील अँग्लिकन चर्च इतर काही प्रॉटेस्टंट पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाले.

मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे क्रॅन्मरचाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. इंग्रजी गीतांची चाल आघातांवर चालते, तर मराठी पद्य लघुगुरूंवर व मात्रांवर. त्यामुळे परक्या चालीत बसविलेल्या मराठी शब्दांची ओढाताण होते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, ओवी, भजन ह्या परिचित रूपांतून गीतरचना करून हा प्रश्न सोडविला. ‘उपासना संगीत’ ह्या मराठी गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते आणि एतद्देशीय चालींची गीते शेजारीशेजारी आढळतात.

अँग्लिकन चर्चसंगीताचे मोठेपण केवळ थोर रचनाकारांच्या कृतींत नाही. रिकाम्या बाकांसमोरही आठवड्याच्या साध्या दिवशी तितक्याच काळजीने गाण्याच्या शिस्तीत ते आहे. ह्या खर्चिक शिस्तीचा भार कोणी व का वाहावा, ह्याविषयी मतभेद आजही आहेत. इतिहासावरून एवढे दिसते, की ग्रंथबद्ध संगीत शतकानुशतके टिकते. पण ते गाण्याची विद्या एका पिढीने दुसरीस प्रत्यक्ष दिली, तरच जिवंत राहते.